अकरा कोऱ्या जागा

९ एप्रिल ७९, सोमवार

वही ऑफिसची, यंदाचीच. मार्चच्या चार तारखेपर्यंत माझ्या नातवाचं अक्षर आहे, पुढं कोरी. नलू म्हणे दुसरी आणू. मी म्हटलं, "काहून वं? अर्ध्या खाल्लेल्या ताटातलं फेकून देते का तू?" तेव्हा कुठं घेऊन बसली.

ठरलं असं, की मी सांगायचं आणि तिनं लिहायचं. मला अक्षर येत नाही. बहात्तर वर्षं अडलं नाही, आता अडलं असंही नाही. पण ही नातसून पाच आठवडे तोंड मिटून आहे. हो, नाही, जेवले. एवढंच. लिहायला बसवली की वाचून दाखवावं लागतं. तेवढा तरी आवाज घरात होतो.

वाचून दाखवलं. मी सांगितलं त्याच्या अर्धंच निघालं. "माह्या शिव्या कुठं गेल्या?" तर म्हणे वहीत लिहीत नसतात. शिवाय माझ्या 'मले'चं 'मला' करते. शिकलेली आहे, करू दे.

आणखी एक पकडलं. नातवाचं नाव मी तोंड भरून घेते, हिचा पेन तिथं एका झटक्यात उचलतो. इतकं मोठं नाव इतक्यात कसं झालं? दोनदा विचारलं. मग म्हणाली, "नुसतं वि. लिहिते, आजी. पुढचं होत नाही." बरं. नवरा तिचा. वि. तर वि.

१० एप्रिल

ऊन. समोरच्या लाकडाच्या टालीवर आरा दिवसभर चालू. भास्कर, म्हणजे माझा लेक, वि.चा बाप, गांधीबागेतून जेवायला आला, नेहमीप्रमाणे जेवला, गेला. कापडाच्या दुकानात तीस वर्षं गठ्ठे बांधतोय, आता स्वतःच बांधलेला गठ्ठा झालाय. सोडायची गाठ कुठं आहे ते मलाही सापडत नाही.

वि.ची आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा. मग मीच. अभ्यासही मीच घेतला, हसू नका. तो वाचायचा, मी ऐकायची. चुकला की त्याचा आवाज पातळ व्हायचा, तेवढ्यावरून पकडायची. मॅट्रिक होईपर्यंत त्याला कळलं नाही की पुस्तकात काय आहे ते मला ठाऊक नाही. की कळलं होतं

१२ एप्रिल, गुरुवार

अमरावतीहून कार्ड. नलूच्या वडिलांचं. अक्षय तृतीयेची आखजी झाली की न्यायला येतो म्हणतात. तिच्याच बापाचं कार्ड तिनंच मला वाचून दाखवलं, अगदी दुकानाची पाटी वाचावी तसं.

मी म्हटलं, जा. वय काय तुझं, चोवीस. इथं म्हातारीचे पाय दाबायला राहतेस का. हे सगळं तोंडानं म्हटलं.

१५ एप्रिल, रविवार

माहेरचा गोविंदा आला, माझ्या भावाचा मुलगा. कैऱ्या आणल्या. पाणी दिलं तर तांब्या संपवला, दुसरा मागितला, तोही संपवला. मग म्हणाला,

"आत्या, तुह्या नातवाच्या मशीननं आमची विहीर भरून देल्ली."

"काय बोलून राहिला गा?"

"कागद आला ना. सावळधऱ्याले बोअर नाही. काहून, तं आमच्या विहिरीत पाणी शून्य मीटरवर. म्हणजे काठाले. दोर नको, बादली नको. वाकायचं अन् वाटीनं घ्यायचं." स्वतःच हसला. त्याची बायको दोन कोसांवरून पाणी आणते.

वि. पाण्याच्या ऑफिसात होता. गावोगावच्या विहिरीत टेप सोडायची, काठापासून पाणी किती खोल गेलं ते मोजायचं. तो आकडा कार्डावर भोकं पाडून मशीनला द्यायचा. मशीन यादी काढतं, कोणत्या गावाला आधी बोअर. गेल्या वर्षी सावळधऱ्याचं पाणी नऊ मीटरवर होतं, हे मला त्यानंच सांगितलेलं.

गोविंदाला आणखी काहीतरी सांगायचं होतं. चपलेशी खेळत बसला. मी म्हटलं, ओक.

"अकरा गावांचं तसंच आहे, आत्या. सगळ्याईले शून्य. लोक म्हणून राहिले, तुमचा पुतण्या काई आला नाही इकडं. घरी बसून आकडे ठोकले."

नलू दारात होती. आत गेली.

ती अकरा गावं म्हणजे त्याचा शेवटचा दौरा. पाच मार्चला सकाळी निघाला, काटोलच्या रस्त्याला जीप उलटली. एकाही गावाला पोचला नाही. म्हणजे लोक खोटं बोलत नाहीत. तो आलाच नाही.

१६ एप्रिल

भास्करला सांगितलं. म्हणाला, "माय, सोड. गेलेल्याचं नाव कोण घेऊन बसते?" मी म्हटलं, "मी बसते ना." तो हात धुवायला उठला. अर्धी भाकर तशीच.

खोटं बोलणारा पोरगा मी ओळखते. एक वाढवलाय, हा भास्कर. दहा वर्षांचा असताना मास्तरची खोटी सही करून आणली होती, मला वाटलं नक्षी आहे. पण वि. तसा नव्हता. चिंच चोरली तरी येऊन सांगायचा, आणि मग वर मीठ मागायचा.

१९ एप्रिल, गुरुवार

आज पुष्कळ लिहायचं आहे. नलू म्हणते हळू सांगा.

दुपारी राघवन आला. वि.च्या ऑफिसातला, त्याच्याच वयाचा. पूर्वी दर पंधरा दिवसांनी जेवायला असायचा आणि दोघं जेवताना भांडायचे. वि.ची भाषा फोर्ट्रान, ह्याची कोबोल. मशीनशी बोलायच्या भाषा. मी एकदा म्हटलं होतं, मशीन एक आणि भाषा दोन, म्हणजे आपल्या नागपूरसारखंच झालं. तेव्हा वि.नं मला समजावलेलं. एका भाषेतला प्रोग्राम दुसऱ्या भाषेतल्याशी बोलत नाही, आजी. एकानं कार्डं ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. कार्डावर ऐंशी घरं. कोणत्या घरात काय ते दोघांनी आधी ठरवून घ्यायचं, मग भाषा कोणती का असेना. मी म्हटलं, सोयरिकीसारखं. बैठकीत ठरलं नाही ते मांडवात भोवतं. तर राघवनला हे कोणीतरी हिंदीत सांगितल्यावर त्याला ठसका लागला होता.

आज हसला नाही. चहा पुढ्यात थंड झाला. त्याचं हिंदी माझ्या हिंदीइतकंच मोडकं, त्यामुळे आमचं जमतं.

"अम्मा, उसका प्रोग्राम अब कोई नहीं चलाता. साहब बोले, सब काम कोबोल में लो. मैंने उसके कार्ड लिए. पुराने सब ठीक चले. ये ग्यारह कार्ड आए और मेरा प्रोग्राम रुक गया."

"काहून रुकला?"

"गहराई की जगह खाली थी. मेरी भाषा में नंबर की जगह खाली नहीं चलती, मशीन बंद पड़ जाता है. उसकी भाषा में चलती है. उसमें खाली मतलब ज़ीरो. तो मैंने ज़ीरो भरवा दिया."

त्याला अजून कळलं नव्हतं आपण काय बोललो ते. मलाही अर्धंच कळलं होतं. पुढं म्हणाला, साहेब वि.च्या सर्व्हिस बुकात शेरा लिहिणार आहेत, विहिरी न मोजता खोटे आकडे दिले. "मरे हुए आदमी की किताब में, अम्मा." हे सांगायलाच आला होता. मला वाटतं रडायलाही आला होता, पण त्याच्याकडेही भास्करसारखी गठ्ठा बांधायचीच रीत असावी.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"ऐंशीवं घर पाहिलं का?"

मी दचकले. सहा आठवड्यांत तिनं आपणहून तोंड उघडलं ते हे.

"क्या, भाभी?"

"अस्सी. आखरी घर."

"तिहत्तर से अस्सी में तो कार्ड का सीरियल नंबर रहता है. वो हम छोड़ देते हैं. सब छोड़ देते हैं, भाभी. दस्तूर है."

"हे सोडत नव्हते," नलू म्हणाली.

ती अकरा कार्डं राघवनच्या शर्टाच्या खिशातच होती, रबर लावलेली. खिडकीशी नेऊन एकेक धरलं. टालीच्या बाजूची खिडकी, ऊन थेट. प्रत्येक कार्डाच्या शेवटच्या टोकाला एक बारीक चौकोनी उजेड. अकराच्या अकरा. मीसुद्धा पाहिले. वाचता येत नसलं तरी भोक दिसतं.

मग नलूनं सांगितलं. दौऱ्याला निघायच्या आधी वि. प्रत्येक गावाचं कार्ड तयार ठेवायचा. गावाचा नंबर, विहिरीचा नंबर, खोली कोरी, आणि शेवटच्या घरात एक. त्याचा अर्थ, ही विहीर मोजायची आहे. मोजून आला की नवीन कार्ड, आकडा घातलेलं, आणि जुनं फाडून टाकायचं. त्याचा प्रोग्राम शेवटचा एक दिसला की ते कार्ड धरतच नव्हता.

आणि हो, मला आठवलं. रविवारी दुपारी तो चटईवर पडून सांगायचा, ही पोटावर पालथी पडून चौकटीच्या कागदावर लिहायची, मी शेवया वळत असायची. "सावळधरा. विहीर एकशे चार. खोली कोरी सोड. शेवटी एक मार." मीच म्हणायची, "पत्ते खेळून राहिले का रे? एक्का मार, एक्का मार." तो म्हणायचा, "आजी, गप्प बस, चुकलं की गाव बुडेल."

राघवननं कार्डं पुन्हा रबरात घातली. तीन वेळा रबर सुटलं.

"मैंने भरवाया," म्हणाला. "वो तो खाली छोड़ के गया था."

साहेबांना सांगेन म्हणाला. थंड चहा एका घोटात प्यायला आणि गेला.

२० एप्रिल

काही नाही. कैऱ्यांचं लोणचं घातलं. नलूनं फोडी केल्या. दोन शब्द जास्त बोलली, त्यातला एक 'मोहरी'.

२३ एप्रिल, सोमवार

राघवनचा पत्ता नाही. माणूस चांगला आहे. पण चांगल्या माणसालाही नोकरी असते, बायको बाळंतपणाला गेलेली असते, आणि कोणीच आपल्या हातानं आपली चूक लिहून देत नाही. मी तरी कुठं देते. मागच्या वर्षी दूध मी उतू घालवलं आणि मांजरावर ढकललं. नलू, हे लिहू नको. लिहिलंस? बरं.

२५ एप्रिल, बुधवार

आम्हीच गेलो. वि.च्या ऑफिसात, सदरला. सायकलरिक्षा केली. निघताना शेजारची देशकरीण ओट्यावर. "वर्ष नाही झालं अन् नातसून बाहेर निघाली का वं?" मी म्हटलं, "निघाली ना. तुह्याच घरी बसायले येणार होती, पण तू तं ओट्यावरच असते."

ऑफिसात कूलरला खस लावलेली, वास चांगला. साहेब वयानं भास्कराएवढे. उठून उभे राहिले, मला खुर्ची दिली. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

नलूनं कार्डाचं सगळं सांगितलं. साहेबांनी कार्ड उजेडात धरून पाहिलं. म्हणाले, खूण आहे, मान्य. मग कपाटातून एक कागद काढला.

"आजी, कोणत्या घरात काय, ह्याचा एक कागद असतो. प्रोग्राम कोणत्याही भाषेत लिहा, हा कागद दोघांचा. ह्यावर ऐंशीव्या घराचं काही लिहिलेलं नाही. तुम्हीच वाचा ताई."

नलूनं वाचलं. वरून खाली वाचलं, मग पुन्हा वाचलं. नव्हतं.

"त्यानं घरी सांगितलं होतं," मी म्हटलं.

"घरी," साहेब म्हणाले. कुत्सित नाही म्हणाले. नुसतं म्हणाले. "मी ऑफिसात बसतो, आजी. कागदावर नाही ते मी कसं धरू? उद्या कोणीही येऊन म्हणेल शेवटच्या भोकाचा अर्थ अमुक."

राघवन कपाटाजवळ उभा होता. पूर्ण वेळ कूलरकडे पाहत होता. त्यानं अजून सांगितलेलं नव्हतं, हे मला खोलीत शिरताच कळलं होतं. निघताना त्याच्यापाशी थांबले, म्हटलं, "खाने को आना बेटा, शेवया किया है." त्याला ते कसं लागलं माहीत नाही. त्याला चांगलंच लागावं म्हणून म्हटलं होतं का, तेही माहीत नाही.

रिक्षात कळलं, चूक कोणाची ते.

माझी आहे. मी त्याला सांगून वाढवला. सणवार, नातीगोती, कोणाला काय पचत नाही, कोणाच्या घरी कोण रुसलं, सगळं माझ्या डोक्यात. तिथून त्याच्या कानात. लिहून ठेव असं मी त्याला आयुष्यात एकदा म्हटलं नाही. लिहिलेलं माझ्या काय कामाचं? घरात कोणाला तरी सांगितलं की झालं, ही माझी खोड. ती त्यानं उचलली. मॅट्रिक झाला, बी.एस्सी. झाला, मशीनच्या भाषा शिकला, आणि जे सगळ्यात महत्त्वाचं ते चटईवर पडून दोन बायकांना सांगून निघून गेला.

हे मी रिक्षात बोलले. तर नलू म्हणते, नाही आजी, माझी. चौकटीचे कागद मी लिहायची. ते म्हणाले होते, त्या मुख्य कागदावर ऐंशीवं घर चढव, मीच सवडीनं करू म्हटलं. मी तिला म्हटलं, "गप बस, माझी." ती म्हणाली, "माझी." "तू आता आली या घरात, चूक आमची जुनी आहे." "आजी, तुम्हाला लिहिता येत नाही, तुमची कशी असेल?" सदरपासून गड्डीगोदामापर्यंत भांडलो. रिक्षावाला मागं वळून पाहत होता. त्याला वाटलं असेल काही वाटणीचं चाललंय.

घरी आल्यावर ती न्हाणीत गेली आणि नळ पूर्ण सोडला. नळाखालून रडणं ऐकू येतं, हे तिला कोणी सांगायला पाहिजे. मी नाही सांगितलं.

२६ एप्रिल

लिहायचं नाही म्हणाली. मी पण नाही म्हटलं. मग हे दोघींनी लिहिलं.

२९ एप्रिल, रविवार. आखजी

घागर भरली. मातीची, नवी. वर खरबूज, आंबा. ज्याच्या नावानं पाणी द्यायचं त्याचं नाव घ्यायचं असतं. माझ्या सासऱ्याचं घेतलं, नवऱ्याचं घेतलं, सुनेचं घेतलं. मग नवी घागर होती ती, वि.ची. त्यानं माझ्या नावाची भरायची, मी त्याच्या नावाची भरतेय, हे कुठल्या शास्त्रात आहे. भटजी म्हणाले, घ्या नाव. मी म्हटलं, घेते हो, तुम्हाला घाई असेल तर बाकीची घरं करून या. ते खरंच गेले आणि अर्ध्या तासानं आले. तोवर घेतलं.

तहानेनं गेला असेल का तो? त्या दिवशी पाण्याची बाटली मी भरून दिली होती. ती परत आली, वरचं झाकणही निघालेलं नव्हतं.

दुपारी राघवन आला. दाढी केलेली नाही, डोळे सुजलेले. हातात मशीनचा लांब कागद, कडेला भोकं असलेला. अकरा गावांच्या पुढं शून्य नव्हतं आता, फुल्या होत्या. त्यानं प्रोग्राम बदलला. आता त्याचा कोबोलही ऐंशीवं घर पाहतो. आणि दुसरा एक कागद, टाईप केलेला, त्याची नक्कल आमच्यासाठी. नलूला वाच म्हटलं.

इंग्रजी होता. तिनं मराठी करून सांगितलं. सदर अकरा नोंदींत शून्य मी भरवलं. कै. विनायक ह्यांनी ती जागा कोरी ठेवली होती व तशी खूण केली होती. खूण न पाहण्याची चूक माझी. खाली सही.

नाव पूर्ण वाचलं तिनं. तिथं अडखळली नाही. कागद गुडघ्यावर ठेवला आणि तळव्यानं सपाट करत राहिली, चुरगळलेला नव्हता तरी.

"साहब को दिया?"

काल दिला म्हणे. साहेबांनी वाचला, काचेच्या गोळ्याखाली ठेवला. म्हणाले, खोटे आकडे हा शब्द काढता येईल कदाचित. पण शेरा पूर्ण काढायचा तर फाइल बंद व्हायला हवी, आणि अकरा जागा कोऱ्या असलेली फाइल बंद होत नाही. खरे आकडे लावा. मोजायला माणूस पावसाळ्यापर्यंत नाही.

"मी जाते," नलू म्हणाली.

राघवन माझ्याकडे पाहतो, मी नलूकडे.

"टेप कशी सोडायची मला माहीत आहे. दोनदा गेले होते ह्यांच्याबरोबर. वाचायचं कसं तेही माहीत आहे."

मी म्हटलं, "अमरावतीचं काय?"

"त्यांना कार्ड टाकते."

त्या कार्डात काय लिहिलं ते मात्र मला वाचून दाखवलं नाही.

राघवन जेवून गेला. घागरीपाशी थोडा थांबला. त्यांच्याकडे असं नसतं म्हणाला. मग वाकून नमस्कार केला तरी.

२ मे, बुधवार

साहेबांनी रोजंदारीवर परवानगी दिली. जीप शुक्रवारी. बरोबर ड्रायव्हर आणि मी. मी काहून, तर सावळधरा माझं माहेर आहे, माहेरी जायला साहेबाची परवानगी लागत नाही.

भास्करला सांगितलं. म्हणाला, "माय, त्याच रस्त्यानं?"

"दुसरा रस्ता आहे का गा सावळधऱ्याले?"

३ मे

भास्कर दुकानातून आला तो कागदात काही बांधून. दोन दुपट्टे, पांढरे, मऊ. "ऊन लय आहे. डोक्याले बांधा." एवढंच. कडा स्वतः शिवून घेतलेल्या. गाठ सापडली म्हणत नाही मी. थोडी ढिली झाली.

नलू टेप साफ करते आहे. पोलादी, वीस मीटर. तीच, जीपमधून परत आलेली. एका जागी वाकलीय, तिथं नख घासत बसली.

४ मे, शुक्रवार. सावळधरा

लिंबाखाली बसून लिहितेय. जीपच्या टपाला हात लागत नाही इतकं तापलंय.

तो रस्त्याचा भाग आला तेव्हा मी ओळखला नाही. मला वाटलं होतं काही दिसेल. काही नाही, पळसाची झाडं. नलूनं ओळखला. तिनं माझा हात धरला की मी तिचा, सांगता येत नाही. ड्रायव्हरनं गाडी हळू केली नाही. बरं केलं.

गावात पंधरा-वीस माणसं विहिरीपाशी जमली. गोविंदानं सांगून ठेवलेलं. ह्यातलेच म्हणाले होते घरी बसून आकडे ठोकले. एक म्हातारा, माझ्याबरोबर खेळलेला, म्हणाला, "आता बायामाणसं मोजून राहिली का?" मी म्हटलं, "मोजते, अन् तुले दिसेल असं मोजते. ये, काठाले उभा राह्य. पडू नको फक्त, तुले काढायले दोर नाही आमच्यापाशी." हसले लोक.

नलूनं दुपट्टा बांधला, काठावर गुडघे टेकले, टेप सोडली. सोडत गेली. नऊ मीटर गेले. दहा. मी तिच्या हाताकडे पाहत होते. बारापाशी टेप ढिली पडली.

वर ओढली. टोकाला पाणी नव्हतं. धूळ होती.

पुन्हा सोडली, दुसऱ्या बाजूनं. तेच. बारा मीटर चाळीसला तळ.

ही विहीर आटलेली मी पाहिली नाही. माझ्या बापानं पाहिली नाही. लग्नाच्या हळदीचं पाणी हिचंच होतं. मी काठावर बसले, तिथंच, दगडावर. गोविंदाची बायको आतून तांब्या घेऊन आली. दोन कोसांवरचं पाणी. घेऊ नये असं वाटलं, आणि नाही घेतलं तर तिचा अपमान. आम्ही दोघींनी एकेक घोट घेतला. म्हातारा ज्याच्यात्याच्याकडे पाहत होता, पण आमच्याकडे नाही.

फॉर्म काढला नलूनं. गावाचं नाव, नंबर, तारीख. खोलीचा रकाना आला आणि पेन्सिल थांबली.

ड्रायव्हर म्हणाला, "शून्य टाका ना ताई. पाणीच नाही."

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो जीपमध्ये जाऊन बसला. शून्य लिहिलं की विहीर पुन्हा काठोकाठ. कोरी सोडून शेवटी एक मारला, तर मोजलीच नाही असं होतं, आणि मोजली तर आहे, इतक्या लोकांनी पाहिलं. बारा चाळीस लिहिलं तर बारा चाळीसवर पाणी आहे म्हणतील. ते तर नाहीच.

"आजी, ह्याचं काही सांगितलं होतं का ह्यांनी? कोरडी लागली तर काय?"

मी सगळे रविवार आठवले. प्रत्येक आठवला. सांगितलं नव्हतं. कोरडी कधी लागलीच नव्हती त्याला.

"शब्दात लिही," मी म्हटलं. "कोरडी."

"शब्द त्या घरात बसत नाही, आजी. राघवनभाऊंचा प्रोग्राम पुन्हा अडेल."

"अडू दे ना. अडला म्हणजे विचारायले येईल."

ती थोडं हसली. मग हसू गेलं. आणि मला म्हणाली, "साहेब म्हणतील, खूण कागदावर आहे का?"

अजून दहा गावं आहेत. ड्रायव्हर हॉर्न देतोय. फॉर्म वहीच्या खाली आहे, तो रकाना तसाच. नलू म्हणते, पुढचं गाव येईपर्यंत काय लिहायचं ते ठरवा, तुम्ही सांगाल ते लिहीन, आणि ह्या वेळी आधी त्या मुख्य कागदावर लिहीन. मला विचारते, मला. मी विचार करून राहिली आहे